बेळगावात बसून परदेशी पैशावर फिल्म कशी उभी करायची

इथल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका फौंड्रीत मी नऊ वर्षं हिशेब बघितले, मग एका मित्राच्या डॉक्युमेंटरीचे हिशेब हातात घेतले आणि त्यातच राहिलो. आता खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं फोन करतात, दादा स्क्रिप्ट तयार आहे, परदेशातला फंड कसा मिळतो तेवढं सांगा की. प्रत्येकाला तासभर सांगतो आणि पुढच्याला परत पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. परदेशातून कुणीही अख्खी फिल्म उचलून देत नाही. पैसा तुकड्या-तुकड्यांनी येतो, प्रत्येक तुकड्याची अट वेगळी, यायची वेळ वेगळी, परत मागायची पद्धत वेगळी, आणि हे तुकडे एकमेकांत बसवायचं काम म्हणजेच फायनान्सिंग. समजा खानापूरच्या जंगलपट्टीतली ४ कोटींची फिल्म आहे. त्याचा कागद असा दिसू शकतो बघा, तुमचे आणि नातलगांचे ६० लाख, फ्रान्सचा को-प्रोड्युसर, म्हणजे भागीदार निर्माता, तिकडच्या फंडातून आणणार १ कोटी, त्याच्याच ओळखीनं साऊंड आणि कलर ग्रेडिंगचं (रंग जुळवायचं) ५० लाखांचं काम पैशाऐवजी कामाच्या रूपात, भारत सरकार खर्चाचा काही हिस्सा परत देतं तो परतावा ७० लाख, एका परदेशी चॅनेलला आधीच विकलेले हक्क ४० लाख, तुम्ही आणि दिग्दर्शकानं मागाहून घ्यायचं ठरवलेलं मानधन ३० लाख, उरले ५० लाख त्याचं कर्ज. झाले ४ कोटी. या कागदाला फायनान्स प्लॅन म्हणतात, आणि प्रत्येक ओळीपुढं ते नक्की आहे की अजून बोलणी चालू आहे हे खरं खरं लिहायचं. समोरचा माणूस स्क्रिप्टच्या आधी हाच कागद उघडतो आणि वरच्या ओळीत तुमचे स्वतःचे काहीच पैसे दिसले नाहीत तर पुढं बोलणं होत नाही. १०-१५ टक्के तरी घरचे पाहिजेत.

आता आधी कागदपत्रं, पैशाच्या आधी. हे मी सगळ्यात जास्त वेळ सांगणार आहे कारण आपल्याकडं इथंच गाडी अडकते.

आपल्याकडं कथेचे हक्क कसे घेतात? लेखकाच्या घरी गेलो, कुंदा दिला, पाया पडलो, शंभराच्या स्टँपवर चार ओळी, "माझ्या कथेवर चित्रपट करण्यास परवानगी देत आहे". झालं. परदेशातला वकील हा कागद बघून बाजूला ठेवतो, आणि त्याचं बरोबर आहे. आपल्याच १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ काढून वाचा, हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल तर ते फक्त ५ वर्षांसाठी धरतात. कुठल्या कुठल्या देशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरते धरतात. आणि घेतलेले हक्क १ वर्षाच्या आत वापरले नाहीत, कागदात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते गेलेच समजायचे. म्हणजे चार ओळींच्या त्या कागदावर तुम्ही फ्रान्समध्ये फिल्म विकूच शकत नाही. मी ज्या कामात होतो त्यातल्या एका फिल्मचं हेच झालं, सगळं ठरलेलं, तिकडच्या वकिलानं विचारलं यात जगभरचे हक्क कुठं लिहिलेत, आणि आम्ही सात महिने लेखकाच्या घरच्यांकडं फेऱ्या मारत होतो. तोपर्यंत तिकडच्या फंडाची तारीख निघून गेली.

लेखक वारलेले असतील तर मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांचे असतात. सगळ्या वारसांच्या सह्या पाहिजेत, पुण्याला दिलेल्या मुलीचीसुद्धा, तिची आधी. आपल्या मनात शेतीचं वाटप तेवढं वाटप असतं, कथेचंही वाटप होतं हे घरच्यांना समजावून सांगावं लागतं, आणि ते नीट बसून, वेळ देऊन, त्यांचे पैसे ठरवून सांगा, गडबडीत सही घेऊ नका. मूळ कथेपासून पटकथा, दिग्दर्शक, संगीत, गाण्यातली जुनी ओवी वापरली असेल तर तिचं रेकॉर्डिंग कुणाचं, इथपर्यंत प्रत्येकाचा कागद एका फाईलमध्ये लावायचा. याला चेन ऑफ टायटल म्हणतात. सातबाऱ्यावर जशी फेरफाराची नोंद लागत जाते तशी ही नोंद, मधली एक जरी तुटली तरी बँक, चॅनेल, विमा कुणीच पुढं येत नाही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये स्क्रिप्टची नोंदणी करून ठेवा, पण त्यानं अमुक तारखेला ती तुमच्याकडं होती एवढंच सिद्ध होतं, हक्काच्या करारपत्राची जागा ती घेत नाही.

मग को-प्रोडक्शन. भारताचे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, पोलंड, कॅनडा, ब्राझील, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया अशा बऱ्याच देशांशी करार आहेत, ऑस्ट्रेलियाशी २०२३ च्या मार्चमध्ये झाला. कराराचा अर्थ इतकाच की दोन्हीकडच्या निर्मात्यांनी पैसा आणि माणसं घालून केलेली फिल्म दोन्ही देशांत घरचीच धरतात, त्यामुळं तिकडचा फंड, तिकडची सवलत तुमच्या फिल्मला लागू होते. दोघांपैकी छोट्या भागीदाराचाही वाटा बऱ्याच करारांत किमान २० टक्के लागतो, आणि नुसता पैसा देऊन चालत नाही, त्या देशाचे कलाकार-तंत्रज्ञ, तिकडचं काम त्या प्रमाणात दिसावं लागतं. म्हणून पोस्ट-प्रोडक्शन, म्हणजे शूटिंगनंतरचं काम, तिकडं करायची पद्धत पडलीय. अर्ज शूटिंग सुरू व्हायच्या आधी करायचा, आधी तात्पुरती मान्यता, फिल्म झाली की पक्की. शूटिंग उरकून "आता को-प्रोडक्शन करूया की" म्हणणाऱ्यांना काही मिळत नाही.

एक गोष्ट आपल्या सीमाभागातल्या लोकांना मुद्दाम सांगतो. अनुदानाचं नाव काढलं की आपल्याला सवय झालीय विचारायची, मग आम्ही कुठले धरणार, कर्नाटकचे का महाराष्ट्राचे. या करारात तो प्रश्नच नाही. तुम्ही भारतीय, तुमची कंपनी भारतीय, फिल्म मराठीत असो, कन्नडात असो, आपल्या गणपत गल्लीत बोलतात तसं एकाच वाक्यात दोन्ही असो. परदेशातल्या ज्या लोकांशी माझं बोलणं झालं त्यांना तर ही दोन भाषांत जगणारी माणसंच सगळ्यात जास्त ऐकायची होती. प्रमाण मराठीत भाषांतर करून स्क्रिप्ट गुळगुळीत करू नका, कळकळीनं सांगतोय. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला वर्ल्ड सिनेमाच्या कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार 'साबर बोंडं' या मराठी फिल्मला मिळाला, आणि ती भारत, ब्रिटन, कॅनडा अशा तीन देशांच्या पैशावर उभी राहिलेली. गावातल्या भाषेला अडवलं नाही कुणी.

भारत सरकारचा परतावा. २०२२ मध्ये फ्रान्सच्या कान फेस्टिवलला जाहीर झाला तेव्हा ३० टक्के आणि को-प्रोडक्शनला कमाल २ कोटी असा होता, २०२३ च्या इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या फिल्म फेस्टिवलमध्ये, तो ४० टक्के आणि कमाल ३० कोटी केला, भारतीय आशय ठळक असेल तर वर ५ टक्के. भारतात केलेल्या पात्र, म्हणजे सरकारच्या नियमात बसणाऱ्या, खर्चावर मिळतो. काम एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाच्या फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसकडं, अर्ज इंडिया सिने हब या पोर्टलवर. पात्र हा शब्द लाल पेनानं गोल करून ठेवा. वरच्या उदाहरणात भारतातला २ कोटी खर्च पात्र ठरला तर ८० लाख होतात, पण मी प्लॅनमध्ये ७० च धरले, कारण बिलं तपासताना काही ना काही गळतंच. जांबोटीत जेवणवाल्यानं कोऱ्या कागदावर लिहून दिलेलं बिल, जीएसटी नंबर नसलेली जीपगाडी, रोखीत दिलेली मजुरी, हे सगळं गळतं. शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून बँकेतून पैसे आणि पक्कं बिल, ही शिस्त ज्याला लागली त्यानं लाखो वाचवले.

तिकडच्या सवलतींचे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका, नीट वाचा. ब्रिटनमध्ये २०२४ पासून फिल्मला खर्चावर ३४ टक्के क्रेडिट, म्हणजे करातून मिळणारी सवलत, आणि छोट्या स्वतंत्र फिल्मला ५३ टक्के. ऐकायला निम्म्याहून जास्त. पण त्या क्रेडिटवर कर लागतो, हातात साधारण ३४ चे २५.५ आणि ५३ चे ३९.७५ येतात, तेही ब्रिटनमध्ये केलेल्या मुख्य खर्चावरच, एकूण मुख्य खर्चाच्या ८० टक्क्यांच्या आत, आणि ब्रिटिश कंपनीलाच. खानापुरात केलेल्या खर्चावर लंडन एक पैसाही देणार नाही, तसंच लंडनला केलेल्या मिक्सिंगवर दिल्लीही देणार नाही. कुठला खर्च कुठं करायचा हे म्हणूनच बजेट करताना ठरतं.

छोट्या फिल्मला खरा आधार ग्रँटचा, म्हणजे परत न द्यायच्या मदतीचा. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आहे, स्क्रिप्ट लिहीत असतानाच साधारण १०,००० युरो देतो, आणि त्या रकमेपेक्षा त्या नावाची किंमत मोठी. बर्लिन फेस्टिवलचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून, तिथं जर्मन भागीदार लागतो. फ्रान्सचा एद ओ सिनेमा द्यु माँद २०१२ पासून, तिथं अर्ज फ्रेंच को-प्रोड्युसरच करतो. स्वित्झर्लंडचा व्हिजन्स सूद एस्त, दोहाच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या ग्रँट, डॉक्युमेंटरीसाठी ॲमस्टरडॅमचा इड्फा बर्था फंड. ग्रँटची रक्कम ट्रस्टच्या किंवा सामाजिक संस्थेच्या खात्यावर घ्यायचा विचार असेल तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना घेऊच नका, सगळी संस्था अडचणीत येते. फिल्मचा पैसा को-प्रोडक्शनच्या करारावर कंपनीतच आणा. आणि परदेशी भागीदाराला शक्यतो कंपनीचे शेअर देऊ नका, फिल्ममधला वाटा द्या, शेअर दिले की फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, रिझर्व्ह बँकेला कळवायचं वेगळं काम मागं लागतं.

आता उद्यमबागेतलं शहाणपण. फौंड्रीला पुण्याच्या कंपनीची ऑर्डर आली, माल पाठवला, पैसे ९० दिवसांनी येणार, तोवर कामगारांचा पगार कशातून द्यायचा? बिल बँकेत टाकायचं, बँक व्याज कापून आज पैसे देते. फिल्ममध्ये डिट्टो हेच. चॅनेलनं हक्क विकत घेतले, म्हणजे प्री-सेल, पण पैसे मुख्यतः फिल्म हातात दिल्यावर. सरकारी परतावा तर शूटिंग संपून, ऑडिट होऊन, कितीतरी महिन्यांनी. ते करार गहाण ठेवून मधल्या काळासाठी कर्ज घेतात. म्हणून करार कुणाशी झालाय याला महत्त्व, नामांकित चॅनेलच्या कराराला पत आहे, आणि "आम्हाला रस आहे" एवढंच लिहिलेल्या पत्राला काही नाही. आपली पोरं ते लेटर ऑफ इंटरेस्ट फ्रेम करून ठेवतात, पण त्यावर कुणी रुपया देत नाही. ७० लाख परतावा येणार म्हणजे आज ७० लाख हातात नाहीत, समजा दीड वर्षाचं व्याज आणि वकिलाची फी गेली की ५५-५८ लाखच वापरायला मिळतील. हा खड्डा बजेटमध्ये आधीच धरा, "फायनान्स कॉस्ट" म्हणून एक ओळ घाला. नाहीतर शेवटच्या आठवड्यात कॅमेऱ्याचं भाडं द्यायला बायकोचे दागिने काढायची वेळ येते, मी बघितलंय.

उरलेला जो खड्डा, आपले ५० लाख, त्याला गॅप म्हणतात, साधारण बजेटच्या १० ते २० टक्के. अजून न विकलेल्या देशांतून किती येतील याचा सेल्स एजंटचा, म्हणजे देशोदेशी फिल्म विकून देणाऱ्याचा, अंदाज घेऊन त्यावर कर्ज मिळतं, अंदाज कर्जाच्या दुप्पट तरी असावा असं देणारे बघतात. हे सगळ्यात महाग कर्ज. पहिल्या फिल्मला जमलं तर टाळा, बजेट छोटं करा.

मोठ्या फिल्मला बँक कंप्लीशन बाँड मागते, म्हणजे फिल्म पुरी होईल याची तिसऱ्या कंपनीची हमी, फी बजेटच्या साधारण २-३ टक्के, आणि तुम्ही भरकटलात तर ते लोक कारभार हातात घेऊ शकतात. आपल्या आकाराच्या फिल्मला सहसा लागत नाही. १० टक्के अडीअडचणीसाठी वेगळे ठेवा म्हणजे झालं, चोर्ला घाटातला पाऊस बघता ते कमीच पडतील.

पैसे आल्यावर वाटप कसं? ऊस लावणाऱ्यांना हे लगेच कळेल. कारखान्याचं बिल निघतं पण आधी सोसायटीचं पीककर्ज कापतात, आणि मग उरलेलं तुमच्या खात्यावर. फिल्मचं बिल असंच वरून खाली कापत येतं, त्याला वॉटरफॉल म्हणतात, आणि मधे कलेक्शन अकाउंट सांभाळणारी तिसरी कंपनी बसवतात म्हणजे कुणी कुणाचं आधी उचलू नये. आकडा लावून बघा. परदेशातून विक्रीचे १ कोटी आले. कलेक्शनवाल्याचे समजा १ लाख. सेल्स एजंटचं कमिशन २० टक्के म्हणजे २० लाख. त्याचा कानला जायचा, पोस्टरचा, मार्केटिंगचा खर्च १५ लाख. राहिले ६४. गॅपचं कर्ज ५० आणि व्याज ६, राहिले ८ लाख. हे ८ लाख ज्यांनी मिळून ६० लाख घातले त्यांना, म्हणजे मामा-काका आणि तुम्ही घातलेल्या पैशापोटी. निर्माता म्हणून तुमची कमाई शून्य. १ कोटीची विक्री होऊन शून्य! म्हणून दोन गोष्टी करा. निर्माता म्हणून तुमची फी बजेटमध्येच घाला, सगळीच मागाहून घ्यायची म्हणू नका. आणि एजंटच्या खर्चाला करारात मर्यादा घाला, ती ओलांडायची तर तुमची लेखी परवानगी. आणि मामाला हा हिशेब पैसे घ्यायच्या आधी दाखवा. घरातल्या माणसाला "दुप्पट होतील" सांगून पैसे घेणं मला पाप वाटतं.

टीव्ही आणि ओटीटीचं थोडं वेगळं. सिरीजला प्लॅटफॉर्म बहुतेक पूर्ण खर्च आणि वर ठराविक नफा देतो, हप्त्याहप्त्यानं, पण हक्क कायमचे त्यांचे. चॅनेल फक्त ठराविक वर्षांचा प्रसारणाचा हक्क घेत असेल तर पैसे खर्चापेक्षा कमी देतं, राहिलेली तूट तुम्ही भरायची, आणि बाकी देशांचे हक्क तुमच्याकडं राहतात. डॉक्युमेंटरीला दुसरी वाट चांगली, आर्ते, बीबीसी, एनएचके अशा चॅनेलना देशवार विकत जायचं. कोलकात्याच्या डॉकएजमध्ये त्यांची माणसं येतात, तिथं पिच करायला, म्हणजे आपली फिल्म थोडक्यात मांडायला, शिका.

आणि मार्केट. सगळे मुंबईकडं आणि बंगळुरूकडं बघत बसतात, आणि जगभरचे निर्माते दर नोव्हेंबरला इफ्फीच्या वेळी पणजीत, चोर्ला घाट उतरला की तीन तासांत, येऊन बसलेले असतात. एनएफडीसीचा फिल्म बझार २००७ पासून तिथं भरतो, आता त्याला वेव्हज फिल्म बझार म्हणतात. को-प्रोडक्शन मार्केट, पटकथाकारांची लॅब, अर्धवट झालेल्या फिल्मची लॅब, प्रत्येकाची तारीख काही महिने आधी संपते, तेव्हा उन्हाळ्यापासूनच पोर्टल बघत राहा. निवड झाली नाही तरी बॅज, म्हणजे प्रवेशपत्र, काढून जा, पहिल्या वर्षी नुसतं बसून ऐका. पिचसाठी एका पानात गोष्ट, दिग्दर्शकाचं मनोगत, बजेट रुपये आणि युरो दोन्हीत, आणि तो फायनान्स प्लॅन. बजेट करताना युरोचा आजचा दर धरू नका, दोन-तीन रुपये इकडंतिकडं धरून बघा, पैसे यायला दोन वर्षं लागतात.

बँकेचं एक सांगतो. घराजवळच्या शाखेत फिल्मचं खातं उघडू नका. उद्यमबागेतले एक्सपोर्टवाले जिथं जातात त्या शाखेत जा, तिथल्या साहेबांना परदेशातून आलेल्या पैशाचा पर्पज कोड (पैसे कशासाठी आले त्याचा नंबर), एफआयआरसी (पैसे आल्याचा बँकेचा दाखला) सगळं रोजचं असतं. त्या प्रत्येक रकमेचा एफआयआरसी काढून ठेवाच, पुढं जीएसटीत निर्यात दाखवायची तर तोच लागतो, आणि एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, वर्षाच्या सुरुवातीला भरा. परदेशी तंत्रज्ञाला पैसे पाठवताना टीडीएस कापायचा की नाही ते त्या देशाशी असलेल्या कराच्या करारावर ठरतं, त्याचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे करासाठी तो तिकडचाच धरला जातो याचा दाखला, आधीच मागवून घ्या, नंतर माणूस फोन उचलत नाही. परदेशी युनिट कॅमेरे घेऊन येणार असेल तर एटीए कार्ने, म्हणजे सामान तात्पुरतं आणून परत न्यायचा कस्टमचा कागद, काढून येऊ द्या, त्याशिवाय विमानतळावर ड्युटीचा घोळ होतो. भीमगडकडं शूटिंग म्हणजे वनखात्याची परवानगी, आणि शहरात कॅम्प भागात मिलिटरीची, दोन्ही लवकर मागा.

शेवटचा हप्ता डिलिव्हरीवर अडतो. चॅनेल आणि एजंट यांची यादी असते, डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत), सबटायटल, संवादांची यादी, हक्कांबाबतच्या दाव्यांसाठी ई अँड ओ विमा, आणि एम अँड ई ट्रॅक, म्हणजे संवाद सोडून बाकी सगळा आवाज वेगळा, तिकडच्या भाषेत डब करायला. आपल्या फिल्ममध्ये बाजाराचा आवाज आणि बोलणं एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की नंतर वेगळं निघत नाही. म्हणून शूटिंग चालू असतानाच साऊंडवाल्याला एक दिवस जास्तीचा द्या, पहाटेची भाजी मार्केटची गडबड, कपिलेश्वरची घंटा, लोंढ्याला थांबलेली रेल्वे, मलप्रभेचं पाणी, सगळं कुणी न बोलता रेकॉर्ड करून तीन हार्डडिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडं, एक एडिटरकडं आणि एक तिसऱ्याच घरात.